गव्हाचं सोवळं

माझ्यावर आयुष्यात चोरीचा आळ एकदाच आला, आणि तोही गव्हाचा. तेव्हा मी वयाने अकरा वर्षांची होते, वजनाने आठ वर्षांची, आणि बोलण्यात त्याहूनही लहान. रत्नागिरीत बाजाराकडून चढत जाणारी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी जिथे संपते, तिथे आमचं घर. मागे आंब्याची कलमं, पुढे तुळस, आणि मधे आम्ही चौघं: बाबा कचेरीत कारकून, आई शाळेत शिक्षिका, मी, आणि माझी मोठी काकू. काका मुंबईला नोकरीला होते. ते गणपतीत आणि शिमग्याला पाहुण्यासारखे यायचे, चार दिवस झोपाळ्यावर बसायचे आणि जाताना फणसाचे गरे घेऊन जायचे. घर खऱ्या अर्थाने काकूचं होतं. आम्ही तिघं तिथे राहत होतो इतकंच.

स्वयंपाकघरात सकाळी पहिला आवाज विळीचा, मग खोबऱ्याचा, मग फोडणीचा. काकूच्या फोडणीचा वास पाखाडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत जायचा, आणि त्यात सगळ्यात पुढे असायचा हिंग. काकूचा हिंगावर फार जीव. आमटीत हिंग, भाजीत हिंग, भाताबरोबरच्या ताकात हिंग. माझं पोट तर लहानपणापासून दुखायचं, फुगायचं, कधी बिघडायचं, आणि त्यावर काकूचा इलाज ठरलेला: बेंबीभोवती हिंगाचा लेप आणि पोटात हिंग घातलेलं ताक. ‘जंत झालेत,’ असं एक डॉक्टर म्हणाले. ‘शाळेचा कंटाळा,’ असं बाबा म्हणाले. ‘दृष्ट लागल्ये,’ असं काकू म्हणाली. शेवटी एका नव्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, मग कोल्हापूरला पाठवलं, तिथे घशातून दुर्बीण घातली, आणि आम्ही निदान घेऊन घाट उतरलो. गव्हातल्या एका घटकाने माझ्या आतड्याचं अस्तर खराब होत होतं. औषध नाही. गहू बंद. जवही बंद. आयुष्यभर, आणि कणभरसुद्धा नाही. रोगाचं नाव घरात कुणालाच धड उच्चारता येईना, म्हणून त्याला ‘मनूचं ते’ म्हणायला लागले. मनू म्हणजे मी.

बाबांनी पहिल्या दिवशी हसून घेतलं. ‘अगं, आपण भात खाणारी माणसं. पंजाबात जन्मली असतीस तर पंचाईत होती.’ त्यांचं म्हणणं खरं होतं. तांदळाची भाकरी, घावन, आंबोळ्या, उकडीचे मोदक, पोहे, नाचणीचं सत्त्व, आमचं अर्ध्याहून जास्त जेवण माझ्या बाजूचं होतं. पण गहू हा पाहुणा म्हणून येतो आणि सगळ्या खोल्यांत सामान पसरतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. दुधातलं बिस्कीट गेलं. साखरांब्याबरोबरची पोळी गेली. उसळीबरोबरचा पाव गेला, शेवयांची खीर गेली, मैत्रिणींच्या वाढदिवसाचा केक गेला. चायनीजच्या गाडीवरचा काळा सॉस गेला, तो मी मुळात एकदाच खाल्ला होता, तरी गेल्यावर त्याची फार आठवण यायला लागली.

आणि मग काकूने सूत्रं हातात घेतली. तिच्या सासूबाई, म्हणजे माझी आजी, असेपर्यंत आमच्या घरात कडक सोवळं होतं. त्या गेल्यावर काकूनेच ते बंद केलं होतं. म्हणायची, ‘दमल्ये मी त्या ओल्या लुगड्यांना.’ पण कोल्हापूरहून आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तिने आंघोळ केली, केस वर बांधले, आणि एक नवीन सोवळं सुरू केलं. देवाचं नाही, माझं. माझा तवा वेगळा, तो खिळ्याला टांगलेला. माझी परात, झारा, ताट-वाटी वेगळ्या फळीवर. माझं रांधून, झाकून झाल्याशिवाय घरात कणकेचा डबा उघडायचा नाही. बाबा कधी माझ्या घावनाकडे हात न्यायला लागले की ती ओरडायची, ‘शिवू नका भावोजी! गव्हाचे हात तुमचे!’ बाबा दोन्ही हात वर करून उभे राहायचे, पोलिसाने पकडल्यासारखे. तांदूळ दळायला ती स्वतः जायची, सोमवारी गिरण उघडायच्या आधी दारात उभी. पहिलं निघालेलं पीठ ती गुरांसाठी बाजूला काढून घ्यायची, कारण त्यात आदल्या दिवसाचा गहू असणार. गिरणवाला म्हणायचा, ‘काकू, एवढं तर देवाच्या नैवेद्यालापण कोण करत नाही.’ काकू म्हणायची, ‘देवाचं पोट दुखत नाही रे.’

माझ्याकडे एकच काम होतं, वाचायचं. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून घरात येणारं प्रत्येक नवं पाकीट माझ्यापुढे यायचं. ‘आमची मडम वाचील,’ असं म्हणून काकू चष्मा काढून ठेवायची आणि मी बारीक अक्षरांतलं सगळं वाचून दाखवायची, अगदी पाकिटावरचा पत्तासुद्धा. मला ते काम आवडायचं. त्यात कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नसे.

कारण माझी खरी अडचण गहू नव्हता. माझी अडचण होती ‘नको’ हा शब्द. आता मी पुण्यात राहते, पण आजही कुणी प्रेमाने पुढे काही केलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. तेव्हा तर मी घरच्या माणसांबाहेर मोजकंच बोलायची. पाखाडीतल्या घरी सत्यनारायण असला की काकूबरोबर जावं लागायचं, आणि काकू तिथे गेल्या गेल्या आत मदतीला शिरायची. दहा बायका बसलेल्या, समोरून शिऱ्याची मूद येणार, आणि प्रसाद नाकारायचा नसतो. नाकारला तर का, कशाने, किती दिवस, कोल्हापुरात काय केलं, हे सगळं दहा बायकांसमोर सांगावं लागणार. त्यापेक्षा सोपं होतं ते मी करायची. हात पुढे करायचा, प्रसाद घ्यायचा, डोळ्यांना लावायचा, आणि बायका आरतीच्या तबकाकडे वळल्या की मूठ फ्रॉकच्या खिशात. घरामागे कावळे होते. आमच्या बागेतल्या कावळ्यांनी त्या वर्षी जेवढा शिरा खाल्ला तेवढा रत्नागिरीत कुणी खाल्ला नसेल. बिस्किटांचं तेच, वाढदिवसाच्या केकचं तेच. मला वाटायचं, मी फार हुशारीने निभावून नेते आहे.

आठ-नऊ महिन्यांनी परत रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद पाहिला, मला पाहिलं, परत कागद पाहिला. आकडा उतरायला हवा होता, तो जवळजवळ जागेवर होता. माझं वजनही जागेवर. पोट अजून दुखत होतंच. ‘कुठून तरी गहू जातोय,’ ते म्हणाले. ‘घरात नीट बघा. दिवाळीनंतर परत तपासू. तेव्हाही असंच असेल तर पुन्हा दुर्बिणीने बघावं लागेल.’ आई, बाबा आणि काकू, तिघांनीही एकाच वेळी माझ्याकडे वळून पाहिलं. कोल्हापूरच्या त्या टेबलावरचा गार रेक्झिनचा वास मला तिथे दवाखान्यात बसल्याबसल्या आला.

घरी आल्यावर काकूने माझ्या शाळेच्या आणि घरातल्या सगळ्या फ्रॉकचे खिसे उलटे केले. खिशांत तुपाचे डाग होते. एकात रव्याचे दाणे, वाळून खडे झालेले. एकात बिस्किटाचा चुरा.

‘हे काय गो?’

‘मी खाल्लं नाही,’ मी म्हटलं.

‘मग खिशात काय आपल्या पायांनी आलं?’

‘घेतलं. मग कावळ्याला दिलं.’

‘सगळंच?’

‘सगळं.’

‘बिस्कीटसुद्धा? क्रीमचं?’

इथे मी जरा थांबले. खोटं बोलणार नव्हते, पण क्रीमचं बिस्कीट कावळ्याला देताना मी ते एकदा हुंगलं होतं, आणि हुंगल्याचा हिशेब या प्रश्नात येतो का ते मला ठरवता येईना. काकूला तेवढं थांबणं पुरलं. ‘सुनीता,’ ती आईला म्हणाली, ‘पोर चोरून खात्ये.’ रात्री माझे केस विंचरताना आई म्हणाली, ‘मनू, खाल्लं असशील तरी मी रागावणार नाही.’ काकू रागावली त्याचं मला काही वाटलं नाही. आईच्या ‘तरी’चं वाटलं.

दोन दिवसांत पाखाडीतल्या घराघरांत कळलं. काकू लपवून ठेवणारी बाई नव्हती आणि तिला माझी काळजीही खरी होती. ‘पोरीला कुणी काही देऊ नका हो, नि हातात काही दिसलं तर मला सांगा,’ असं ती दारोदार सांगून आली. त्यानंतर मी पायऱ्या उतरायला लागले की कुठल्या तरी खिडकीतून आवाज यायचा, ‘मनू, मुठीत काय गो?’ मुठीत कंपासपेटी असायची. पाखाडीच्या मध्यावर डावीकडच्या मालूताई तर मला थांबवून तोंड उघडायला लावायच्या. त्यांचे यजमान पूर्वी जकातनाक्यावर होते. सवय घरात मुरलेली असावी. आता हसू येतं. तेव्हा मी शाळेतून यायला बागेमागची वाट धरली, सड्याच्या उघड्या कातळावरून, काट्याकुट्यांतून, लांबची.

नवरात्र आलं. काकूचे नऊ दिवसांचे उपास असत, आणि त्या वर्षी तिने जाहीर केलं की मनूही करील. आई म्हणाली, ‘वहिनी, लहान आहे ती, आधीच अंगावर मांस नाही.’ काकू म्हणाली, ‘उपाशी कोण ठेवतंय? पोटभर खाईल. माझ्या पंक्तीला, माझ्या नजरेखाली. शाळेला सुट्टी आहे, घरातून बाहेर पडायचं नाही.’ भक्ती कमी आणि पहारा जास्त, हे सगळ्यांना कळत होतं. मग नऊ दिवस आम्ही दोघी समोरासमोर पाटावर बसलो. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी गुळाबरोबर, साबुदाण्याची खिचडी, ताक. देवघरात घटाच्या मातीतून हिरवे कोंब वर येत होते आणि काकू माझा प्रत्येक घास मोजल्यासारखा बघत होती.

पाचव्या दिवशी माझं पोट दुखलं नाही. सहाव्या दिवशीही नाही. सातव्या दिवशी सकाळी मी भूक लागून उठले. भूक लागून उठणं म्हणजे काय हे मला आठवतच नव्हतं. पोटात कुणीतरी जागा आवरून ठेवल्यासारखं वाटत होतं. मी दोनदा खिचडी मागून घेतली आणि मागीलदारी दोरीवरच्या उड्या मारल्या. मला वाटलं, आता तरी सगळे खूश होतील. काकू खूश झालीही. मागच्या पडवीत उभी राहून तिने आईला हाक मारून दाखवलं: ‘बघितलंस? चोरून खाणं बंद झालं, पोट दुखायचं राहिलं. आता आणखी काय पुरावा हवा?’ माझ्या हातातली दोरी तशीच लोंबत राहिली. बरं वाटण्यानेच मी पक्की चोर ठरले होते, आणि यावर काय बोलायचं ते इंग्रजीत किंवा मराठीत, कुठेच शिकवलेलं नव्हतं.

नवव्या दिवशी काकू देवघरात माळ ओवत बसली होती, म्हणून दाण्याची आमटी आईने केली. मी गॅसपाशी खाली बसून नारळ खवत होते. आईने तुपात जिरं टाकलं, मिरची टाकली, आणि रोजच्या सवयीने फळीवरची डबी काढून चिमूटभर काहीतरी टाकलं. क्षणभरात देवघरातून आवाज आला.

‘हिंगाचा वास कुठून येतोय?’

आई दचकली. काकू हातात झेंडूचं फूल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी.

‘अगो, उपासाच्या आमटीत हिंग घातलास?’

‘चिमूटभरच हो वहिनी. सवयीने पडला. जिरं चालतं, मिरची चालते, हिंगाने काय होतंय?’

‘काय होतंय? नऊ दिवस केलेलं फुकट जातंय! उपासाला हिंग चालत नाही, एवढं तुला कुणी सांगितलं नाही? सासूबाई असत्या तर पातेलं उचलून बाहेर ओतलं असतंन त्यांनी.’

‘पण का चालत नाही?’

‘पीठ असतं त्यात! नुसत्या हिंगाचा खडा वळतो होय? कणीक घालून मळतात नि मग वळतात.’

खवणीवर माझा हात थांबला. मोठ्यांच्या बोलण्यात मी कधी तोंड घालत नसे. घालू की नको करताना बराच वेळ गेला असं मला वाटतं, पण गेला नसणार, कारण मिरची अजून करपली नव्हती.

‘काकू,’ मी म्हटलं, ‘कसली कणीक?’

‘कसली म्हणजे? नाचणीची का घालणारेत? गव्हाचीच...’

आणि ती थांबली. तोंड उघडं, हातात झेंडू. आईने हात मागे नेऊन न बघता गॅस बंद केला. तुपाचा चरचर आवाज हळूहळू कमी होत गेला आणि मग बंद झाला.

काकू खाली बसली, पाट न घेता, जमिनीवरच. तिच्या डबीत हिंग वर्षानुवर्षं येऊन पडत होता. पाकीट बाजारातून आणलं की फोडून डबीत ओतायचं आणि कागद न्हाणीच्या चुलीत. ते माझ्यापुढे वाचायला कधी आलंच नव्हतं. हिंगाला कुणी खाणं समजतच नव्हतं. दसऱ्याच्या सामानात एक नवं पाकीट होतं. काकूने ते पिशवीतून काढून माझ्यासमोर धरलं. ‘वाच गो,’ म्हणाली. त्या दिवशी मडम म्हणाली नाही. मी वाचलं. पहिला डिंक, मग गव्हाचं पीठ, आणि हिंग सगळ्यात शेवटी.

‘रोज,’ काकू म्हणाली. ‘दोन वेळा. आंघोळ करून, वेगळ्या तव्यावर.’ मग म्हणाली, ‘नि पोट दुखलं की ताकातून आणखी.’ देवासाठी जे तिला तीस वर्षं पाठ होतं, ते माझ्यासाठी तिला एकदाही आठवलं नव्हतं. पण आठवणार कसं? तिच्या डोक्यात ते देवघराच्या कपाटात होतं आणि माझा आजार दवाखान्याच्या. मधलं दार कुणी उघडलंच नव्हतं. मी आता मोठी झाले आहे, अनेक शिकलेली माणसं पाहिली आहेत, आणि हे दार त्यांच्याही घरात बंदच असतं, एवढं मला दिसलं आहे.

हिंग त्याच दिवशी घराबाहेर गेला. पुढे आकडा उतरत गेला, कोल्हापूर टळलं, शिमग्याला आलेल्या काकांनी मला ओळखलं नाही असं नाटक केलं, हे सगळं झालं. ते इथेच सांगून टाकते, कारण मला त्या दिवशी आकड्याची फिकीर नव्हती. आईने मला जवळ घेतलं आणि ती रडली, बाबा कचेरीतून आल्यावर दोनदा ‘सॉरी’ म्हणाले, तेही इंग्रजीत, मला जास्त कळावं म्हणून. घरापुरती मी सुटले होते. पण पाखाडीच्या प्रत्येक खिडकीत मी अजून चोर होते, आणि ते कसं पुसायचं हे मला माहीत नव्हतं. मी ठरवून टाकलं होतं की मोठी होईपर्यंत सड्यावरूनच जायचं.

दसऱ्याच्या संध्याकाळी काकू दरवर्षी ओटीवर बसायची. ती पाखाडीत मोठी, त्यामुळे सोनं द्यायला सगळे तिच्याकडे येत. त्या वर्षी तिने जरीकाठी पातळ नेसलं, आपट्याच्या पानांची परडी घेतली, आणि मला म्हणाली, ‘चल.’

‘कुठे?’

‘सोनं द्यायला. चपला घाल.’

पहिल्या घरी तिने पान हातावर ठेवलं आणि नमस्कार व्हायच्या आत सांगितलं, ‘मनू चोरून खात नव्हती. मी घालत होत्ये तिला गहू, हिंगातून. चोर मी.’ घरातल्या बाई आधी हसल्या, मग म्हणाल्या, ‘हिंगात गहू?’ आणि आत जाऊन स्वतःची डबी घेऊन आल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. चोर ठरणं एकवेळ परवडलं, पण प्रत्येक ओटीवर माझं पोट, माझे खिसे आणि माझे कावळे निघत होते. दुसऱ्या घरी काकूने नवरात्राची गोष्ट सविस्तर सांगितली. तिसऱ्या घरी तिचं नाक गोष्टीत आलं: देवघरात बसून कसा वास ओळखला. चौथ्या घरापर्यंत तर तिला वासावरून गव्हाचा संशय आधीच आला होता आणि तिने मुद्दामच ‘पीठ असतं त्यात’ असं मोठ्याने म्हटलं होतं. मी तिच्या मागे उभी राहून ऐकत होते आणि मला पहिल्यांदाच त्या सगळ्या प्रकाराचं हसू यायला लागलं होतं.

पाचवं घर मालूताईंचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आपट्याचं पान साडीच्या पदराला पुसलं, आणि काकूला ओलांडून थेट माझ्याकडे पाहिलं. ‘मग तू इतके दिवस सांगितलं का नाहीस गो? तोंड आहे की नाही तुला?’

मी काकूकडे पाहिलं. काकू माझ्याकडे नव्हे, ओटीच्या खांबाकडे बघत होती.

‘सांगितलं होतं,’ मी म्हटलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला. ‘पहिल्याच दिवशी. खाल्लं नाही म्हणून.’

मालूताई काही म्हणणार होत्या. काकूने परडी खाली ठेवली. ‘हो,’ ती म्हणाली. ‘सांगितलंन होतं तिनं. मी ऐकलं नाही.’ या वाक्यात नाक नव्हतं, देवघर नव्हतं, काही नव्हतं. मालूताईंनी आत जाऊन पाणी आणलं. काकू उभ्यानेच प्यायली.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर काकू वाटेकडेच्या दगडी गडग्याला टेकून उभी राहिली. खाली अजून दोन घरं राहिली होती, दोन्ही ओट्यांवर दिवे लागलेले. तिने परडी माझ्या हातात दिली.

‘मी दमल्ये आता. या दोघांना तू सांग.’

‘मी?’

‘मग कोण? घडलंय ते तुझ्याच बाबतीत. मी इथं बसत्ये.’

आणि ती खरंच पायरीवर बसली, जरीकाठी पातळ आवरून, गुडघे दाबत. मी खाली उतरले. दारात कोण उभं आहे हे बघायला आतून कुणीतरी चष्मा लावत बाहेर आलं. मी पान पुढे केलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.